चमच्यातील दूध

२१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो ही वार्ता एका दिवसात देशभर पसरली. देवळांपुढे रांगा लागल्या. चमचा सोंडेला टेकताच दूध खरोखरच कमी होई; डोळे खोटे सांगत नव्हते. शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून दाखविले की, पृष्ठताणामुळे ते चमच्याबाहेर ओढले जाते आणि पातळ थराने मूर्तीवरून खाली ओघळते. पांढऱ्या संगमरवरावर तो ओघळ दिसावा कसा? परंतु रांगेतील एखाद्या वृद्धेला हे ऐकविणाऱ्याने जरा थांबावे. नैवेद्याचे ताट देवापुढून जसेच्या तसे उचलण्यात तिचा जन्म गेलेला. आज प्रथमच त्याने तिच्या हातून काही घेतले होते. रिकामा चमचा पदराला पुसून ती बाजूस होई, तोच मागच्याचा चमचा पुढे आलेला असे.