कार्डावरून डिस्कवर : रास्पबेरी पायचं स्थलांतर



इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या रास्पबेरी पाय फाउंडेशननं २९ फेब्रुवारी २०१२ रोजी एक संगणक विक्रीला आणला. किंमत ३५ डॉलर, आकार एटीएम कार्डाएवढा. तो घडवणाऱ्या एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांची चिंता शिक्षणाची होती. १९८० च्या दशकात ‘बीबीसी मायक्रो’वर खेळत वाढलेली मुलं विद्यापीठात यायची तेव्हा त्यांना प्रोग्रॅमिंग येत असायचं. पुढच्या पिढीला घरात तसा संगणक मिळेनासा झाला होता. म्हणून हा स्वस्त, मोकळा, मुलांनी बिनधास्त हाताळावा असा बोर्ड निघाला. त्यावर कायमस्वरूपी साठवण नव्हती, होती फक्त एसडी कार्डाची खाच. मुलानं प्रणाली बिघडवली तर कार्ड पुन्हा लिहायचं, संगणक नव्यासारखा. शिकण्यासाठी ही रचना मला आजही उत्तम वाटते.

पण लोकांनी या बोर्डाला नोकरीला लावलं. कुणी घरातले फोटो त्यावर ठेवले, कुणी कॅमेऱ्यांचं चित्रण. इंटरनेट नसलेल्या शाळेत ‘किविक्स’ वापरून मराठी विकिपीडिया वर्गापर्यंत पोचवता येतो, तोही याच बोर्डावरून. असा संगणक वर्षानुवर्षं चालूच असतो आणि सतत लिहीत असतो. नोंदवह्या, म्हणजे लॉग, लिहितो, डेटाबेस लिहितो, मेमरी अपुरी पडली की स्वॅपमध्ये लिहितो. हे सगळं नखाएवढ्या कार्डावर. इथे अडचण सुरू होते.

कार्डातली फ्लॅश मेमरी लहान पानांमध्ये लिहिली जाते, पण पुसायची ती मोठ्या ठोकळ्यांत. पाटीवरचं एक अक्षर बदलायला अख्खी पाटी पुसून पुन्हा लिहावी लागावी, तसं हे आहे. प्रत्येक ठोकळा ठरावीक वेळाच पुसता येतो. झीज सगळीकडे सारखी वाटण्याचं काम कार्डातला कंट्रोलर करतो, पण स्वस्त कार्डातला कंट्रोलर साधा असतो. कॅमेऱ्याचे फोटो ओळीनं साठवणं हे त्याचं मूळ काम. भरीला, आपल्याकडे वीज निरोप देऊन जात नाही. ठोकळ्याची हलवाहलव चालू असताना दिवे गेले, तर ज्या फाइलला कुणी हातही लावला नव्हता तीसुद्धा खराब होऊ शकते. अनेकजण तेव्हा बोर्डाला दोष देतात. बोर्ड ठणठणीत असतो, मेलेलं असतं कार्ड.

वेगाचंही तसंच. पाय ४ या मॉडेलची कार्डाची खाच सेकंदाला जास्तीत जास्त ५० मेगाबाइट देते. त्याच बोर्डाच्या निळ्या यूएसबी ३ पोर्टला लावलेली साधी एसएसडी ३०० च्या पुढे जाते. पण खरा फरक जाणवतो तो विखुरलेल्या छोट्या लिखाणात. ‘ए १’ शिक्क्याच्या कार्डानं सेकंदाला अशी किमान ५०० लेखनं करावीत, असा दंडक आहे. एसएसडी हजारोंच्या घरात सहज जाते.

तर कार्डावरून डिस्कवर स्थलांतर करायचं. लोक याला नक्कल समजतात, पण नक्कल हा त्यातला सोपा भाग. मुख्य प्रश्न हा, की वीज मिळताच प्रणाली कुठे शोधायची हे बोर्डाला कोण सांगतं?

सुरुवातीच्या बोर्डांना फक्त कार्डच कळायचं. त्यामुळे बूटचं छोटं पार्टिशन कार्डावर ठेवून बाकी प्रणाली डिस्कवर न्यायची, हीच वाट होती. जुना बोर्ड असेल तर ती आजही चांगली आहे, कारण कार्डावर लिहिणं जवळपास थांबतं. २०१६ च्या पाय ३ मध्ये यूएसबीवरून सुरू होण्याची सोय आली. त्यासाठी चिपमधला एक बिट कायमचा बदलावा लागे. पाय ४ मध्ये बूटलोडर, म्हणजे प्रणाली सुरू करून देणारा प्रोग्रॅम, बोर्डावरच्या छोट्या ईईप्रॉम मेमरीत गेला. हा बोर्ड २०१९ मध्ये बाजारात आला तेव्हा त्याला यूएसबीवरून सुरू होता येत नव्हतं, ती क्षमता २०२० मध्ये अपडेटमधून मिळाली. म्हणून डिस्क विकत आणण्याआधी बूटलोडर अद्ययावत करा. त्यात ‘एफ४१’ असा क्रम लिहिलेला असतो, तो उजवीकडून वाचायचा : १ म्हणजे कार्ड, ४ म्हणजे यूएसबी, एफ म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. कार्ड काढलं की बोर्ड आपोआप डिस्ककडे वळतो.

नकलेसाठी रास्पबेरी पायच्या प्रणालीतच ‘एसडी कार्ड कॉपियर’ आहे. डेटाबेस चालू असेल तर आधी थांबवा, नाहीतर अर्धवट लिहिलेली नोंद तशीच पलीकडे जाईल. पार्टिशनना नवे ओळखक्रमांक देण्याचा पर्याय तिथे आहे, तो जरूर निवडा. मूळ पार्टिशन कोणतं, हे प्रणाली या क्रमांकावरून ठरवते. तो बूटच्या ‘सीएमडीलाइन’ फाइलमध्ये आणि ‘एफएसटॅब’मध्ये लिहिलेला असतो. कार्ड आणि डिस्क दोन्हींवर एकच क्रमांक राहिला आणि कार्डही खाचेत राहिलं, तर आपण नेमके कुठे काम करतो आहोत हे कळत नाही. डिस्कवर आहोत अशा समजुतीत कार्डच झिजत राहतं. कॉपियर या नोंदी स्वतः बदलतो. हातानं नक्कल केली तर त्या तुम्ही बदलायच्या. मग ‘एलएसबीएलके’ (lsblk) आज्ञा देऊन मूळ पार्टिशन डिस्कवर दिसतं का, ते डोळ्यांनी पाहा.

विजेच्या हिशेबाकडे मात्र सर्रास दुर्लक्ष होतं. पाय ४ चे सगळे यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअर देतात. पाय ५ साध्या अडॅप्टरवर ०.६ अँपिअरच देतो, ५ अँपिअरचा अडॅप्टर असेल तर १.६. फिरत्या चकतीची हार्ड डिस्क सुरू होताना जास्त प्रवाह ओढते. मोबाइलचा जुना चार्जर लावून डिस्क जोडली, तर स्थलांतर करूनही फाइली खराब होऊ शकतात. डिस्क जोडणाऱ्या काही केबलांमधल्या चिपचं या बोर्डांशी जमत नाही. प्रणाली अडखळली तर डिस्क बदलण्याआधी केबल बदलून पाहा.

प्रत्येकानं हे करावं, असं मी म्हणणार नाही. तासाला एकदा तापमान मोजणाऱ्या बोर्डाला चांगलं कार्ड पुरतं. पण ज्यावर शाळेचं ग्रंथालय किंवा घरातले फोटो आहेत, तो बोर्ड कार्डावर चालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एसएसडीसुद्धा एक दिवस बंद पडते. तेव्हा डिस्कची प्रत दुसरीकडे ठेवा. आणि जुनं कार्ड लगेच पुसू नका. नवी व्यवस्था विजेच्या चार-दोन खेळखंडोब्यांतून सुखरूप बाहेर पडेपर्यंत ते नाव लिहून कपाटात ठेवा.