यकृताचा रोगी आणि रक्ताची परीक्षा



जलोदर झालेल्या रोग्याच्या घरी एक कागद मोठी घबराट उडवून देतो. त्यावर 'प्रोथ्रॉम्बिन टाइम' असे लिहून पुढे सेकंद मांडलेले असतात. निरोग्याचे 12, रोग्याचे 20. नातेवाईक विचारतात, "डॉक्टरसाहेब, रक्त पातळ झालं का हो?" आणि खरे सांगायचे तर आम्ही वैद्यकातली मंडळीही बरीच वर्षे "होय" असेच म्हणत आलो.

ही परीक्षा 1935 साली अमेरिकेत आर्मंड क्विक यांनी प्रसिद्ध केली. रक्तातल्या पेशी खाली बसवून वरचा पिवळा रस घ्यायचा, तो अंगाइतका कोमट ठेवून त्यात थ्रॉम्बोप्लास्टिन व कॅल्शियम घालायचे, आणि गुठळी धरेपर्यंत सेकंद मोजायचे. रक्त गोठविणारी बहुतेक द्रव्ये यकृतात तयार होतात. यकृत थकले की ती घटतात, सेकंद वाढतात. तेव्हा यकृत किती थकले हे सांगायला परीक्षा नामी आहे.

परंतु गोठण्याला आवर घालणारी द्रव्येही यकृतच तयार करते! प्रोटीन सी, अँटिथ्रॉम्बिन ही त्यांची नावे. तीही घटतात. तराजूची दोन्ही पारडी हलकी झालेली असताना आम्ही एकाच पारड्याकडे पाहत होतो. प्रोटीन सीला जागे करणारे थ्रॉम्बोमॉड्युलिन रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर असते, परीक्षेच्या नळीत नसते. 2005 साली इटलीत त्रिपोदी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते घालून पाहिले, तेव्हा सिरोसिसच्या रोग्यांच्या रक्तरसात थ्रॉम्बिन निरोग्यांइतकेच तयार झाले. रक्त 'पातळ' म्हणून ज्याला जपावे, त्याच्याच यकृताकडे जाणाऱ्या शिरेत कधी गुठळी धरते, ती उगीच नव्हे.

तरीही पोटातले पाणी काढण्याआधी आकडा सुधारावा म्हणून नातेवाईक प्लाझ्मासाठी रक्तपेढीचे हेलपाटे घालतात. पिशवीने आकडा थोडा उतरतो खरा. पण रक्ताचे आकारमान वाढून यकृताकडच्या शिरांतला दाब चढतो. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटतात त्या याच दाबाने! पाणी काढण्यापूर्वी सरसकट प्लाझ्मा देऊ नये, असे अमेरिकेतील यकृततज्ज्ञांच्या संस्थेने 2021 साली सांगितले.

या रोग्यांना रक्तस्राव होतच नाही, असे मात्र कोणी समजू नये. रक्ताची उलटी झाली किंवा शौचाला डांबरासारखे काळे झाले, तर सकाळची वाट न पाहता रोग्याला रुग्णालयात न्यावे. कागदावरचे सेकंद तेव्हा नंतर पाहता येतील.