सही कुणाची?

श्रोतेहो, गोष्ट दोन वर्षांपूर्वीची, मी आरोग्य केंद्रात नर्स होते तेव्हाची. सोमवारच्या बाजाराला आलेली एक बाई दुपारी केंद्राच्या ओट्यावर येऊन बसली. तीन लेकरे, धाकटे अजून अंगावर पीत होते, म्हणून त्या साली ती ऊसतोडीला गेली नव्हती. पुन्हा दिवस राहिले होते. तालुक्याच्या एका खासगी दवाखान्याने तिला दोनदा परत पाठवले होते, नवऱ्याची सही आण म्हणून. ती म्हणाली, "सिस्टर, मालक तिकडं कोल्हापूरकडं गेलेत तोडीला. सही कुठून आणू?"

या सहीपायी पाच आठवडे गेले होते. पहिल्या वेळी ती गेली तेव्हा आठवा आठवडा होता. नऊ आठवड्यांच्या आत डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्यांनी काम होते. आता तेरावा लागला होता. म्हणजे जिल्ह्याचे इस्पितळ, दोन एस.टी. बदलून जाणे, आणि लेकरे कुणाच्या पदरात टाकायची हा प्रश्न.

तर मंडळी, आज मला एवढेच सांगायचे आहे की ही नवऱ्याची सही कायद्यात कुठेही नाही. बाई अठरा वर्षांची झाली असली की तिची स्वतःची लेखी संमती पुरते. नवऱ्याची नको, सासूची नको, सरपंचाची तर नकोच नको. अठराच्या आतली मुलगी असेल तर मात्र पालकांची संमती लागते.

हा कायदा काही कालपरवाचा नाही. 1860 च्या दंडसंहितेत बाईचा जीव वाचवण्याखेरीज गर्भपात हा गुन्हा होता, आणि करवून घेणारी बाईही गुन्हेगार. त्यामुळे काम थांबले नाही, फक्त अंधारात गेले. कुणी काडी घातली, कुणी झाडपाला दिला, आणि बाया रक्त जाऊन मेल्या. पुण्यात जोतिराव व सावित्रीबाई फुल्यांनी 1863 साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते विधवांवर कोणती पाळी येते हे डोळ्यांनी पाहिले म्हणून. पुढे शंभर वर्षांनी, 1964 साली, केंद्र सरकारने एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष आपल्याच राज्याचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा. त्यांच्या अहवालावरून 1971 चा कायदा झाला आणि 1 एप्रिल 1972 पासून तो लागू आहे.

2021 साली त्यात दुरुस्ती झाली. आता वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचे मत पुरते. वीस ते चोवीस आठवड्यांत दोघांचे लागते, आणि तेही ठरावीक स्त्रियांसाठी: बलात्कार झालेली, अल्पवयीन, गरोदरपणातच विधवा झालेली वा काडीमोड झालेली, अपंग, अशा. लग्न न झालेल्या बाईलाही हाच न्याय, असे सर्वोच्च न्यायालयाने 29 सप्टेंबर 2022 रोजी सांगितले. बाईचे नाव बाहेर फोडणे हाही गुन्हा आहे. कायद्यात अजूनही शेवटचा शब्द डॉक्टरांच्या मताचा आहे, बाईच्या इच्छेचा नाही. मला ते अपुरे वाटते. पण जे आहे तेही गावात पोचलेले नाही, त्याचे काय?

कारण पैसेवाल्याची सून गाडीत बसून शहरात जाते, संध्याकाळी घरी येते, कुणाला पत्ताही लागत नाही. मजुरी बुडवून जाणाऱ्या बाईला मात्र हेलपाटे. कायदा दोघींचा एकच, पण एकीला तो आठव्या आठवड्यात मिळतो आणि दुसरीला तेराव्यात, किंवा मिळतच नाही.

आणखी एक घोटाळा. मुलगी आहे म्हणून गर्भ पाडणे आणि गर्भाचे लिंग तपासणे हा गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. आपल्या राज्याने त्यावर 1988 सालीच कायदा केला, देशाचा 1994 साली झाला. पण भिंतीवरच्या पाट्या वाचून लोकांना वाटू लागले की गर्भपातच बेकायदा. काही डॉक्टरही भिऊन हात झटकतात. हे दोन कायदे वेगळे आहेत, एवढे जरी चावडीवर कुणी वाचून दाखवले तरी पुष्कळ.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. आठवी-नववीच्या मुलींना पाळीची तारीख दिनदर्शिकेवर टिपून ठेवायला शिकवा. लाजू नका, गणिताच्या तासाला शिकवा हवे तर. आठवडे मोजायचे ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. पुष्कळ बाया पाळी चुकल्यापासून मोजतात आणि तिथेच महिना हरवतो. शिवाय दुकानातून परस्पर गोळ्या आणून खाऊ नयेत, हेही त्यांच्या आयांच्या कानावर घाला. गर्भ नळीत राहिला असेल तर त्या गोळ्यांनी तो जात नाही, आणि नळी फुटली तर जिवावर बेतते. अंगावरून फार जाऊ लागले, ताप आला, तर काही न लपवता दवाखाना गाठावा. तिथे औषध द्यायचे, चौकशी करायची नाही.

त्या बाईला आमच्या आशाताईने जिल्ह्याला नेले. लेकरे शेजारणीने सांभाळली. संमतीचा कागद पुढे आला तेव्हा तिथल्या कारकुनाने सवयीने शाईचा डबा सरकवला. तिने तो बाजूला केला आणि पेन मागून घेतले. चौथीपर्यंत शिकलेली होती. तिने सावकाश, एकेक अक्षर काढत, स्वतःचे नाव लिहिले.