घर आपले झाले, दुरुस्ती कोणाची?

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



बँकेतल्या कारकुनाला बोलायला उभे केले की तो कर्ज आणि हप्ता यावरच बोलणार, हे आपण गृहीत धरले असेल. आम्हीही तेच करणार आहोत. फक्त आमचा विषय हप्ता संपल्यानंतर सुरू होणाऱ्या खर्चाचा आहे.

आमच्या वडिलांना सरकारी मंडळाच्या वसाहतीत भाडे-खरेदी पद्धतीने घर मिळाले, तेव्हा आम्ही शाळेत होतो. या पद्धतीत महिन्याला भाड्यासारखा हप्ता भरायचा आणि सर्व हप्ते फिटले की घर आपल्या नावावर होते. हप्ते चालू होते तोवर छत गळले, नळ फुटला की वडील अर्ज लिहीत. उशिरा का होईना, कोणीतरी पाहायला येई. शेवटचा हप्ता फिटला, खरेदीखत झाले, वडिलांनी पेढे वाटले. पुढच्याच पावसाळ्यात वरच्या मजल्यावरच्या एका विधवा मावशींचे छत गळू लागले. सवयीने अर्ज गेला. उत्तर आले, इमारत आता रहिवाशांच्या संस्थेकडे दिली आहे, दुरुस्ती संस्थेने करावी. संस्थेच्या खात्यात तर पैसाच नव्हता. तळमजल्यावरचे आम्ही सगळे म्हणालो, छत त्यांचे, त्यांनी पाहावे. दोन पावसाळे मावशींनी घरात घमेली मांडून काढले. तिसऱ्या वर्षी गिलाव्याचा पोपडा त्यांच्या नातीच्या वह्या-पुस्तकांवर पडला, तेव्हा कुठे वर्गणी निघाली. त्या गप्प बसणाऱ्यांत आम्हीही होतो, याची खंत आजही वाटते.

खरे तर नियम स्पष्ट होता. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 खाली गृहनिर्माण संस्थांसाठी आदर्श उपविधी आहेत. त्यांनुसार गच्ची, छताची संरचनात्मक दुरुस्ती, बाहेरच्या भिंती, जिना, पाण्याची टाकी, पंप, सामायिक जलवाहिन्या व सांडपाण्याच्या नळ्या आणि पावसाच्या पाण्याची गळती ही कामे संस्थेने स्वतःच्या खर्चाने करायची असतात. आपल्याच न्हाणीघरातून किंवा मोरीतून होणारी गळती व घराच्या आतली बाकीची दुरुस्ती सभासदाने करायची. म्हणजे छत वरच्या मजल्यावरच्या मावशींचे नव्हतेच, ते आम्हा सर्वांचे होते.

पैसा कसा उभा करायचा, हेही उपविधींत आहे. घराच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का दुरुस्ती निधीसाठी आणि किमान पाव टक्का सिंकिंग फंडासाठी घ्यावा. बांधकाम खर्च 4 लाख रुपये धरला, तर वर्षाला 3,000 आणि 1,000 असे मिळून 4,000 रुपये होतात. महिन्याला 333, रोजचे सुमारे 11 रुपये. एका चहाचे पैसे! तेवढे वेळेवर जमले असते, तर मावशींना घमेली मांडावी लागली नसती. सिंकिंग फंड मात्र किरकोळ कामांत उडवायचा नाही. तो पुनर्बांधणी आणि मोठ्या दुरुस्तीसाठी गुंतवून ठेवायचा असतो. तसेच 15 ते 30 वर्षे वयाच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीची तीन वर्षांतून एकदा करून घ्यावी, असेही उपविधी सांगतात.

हा प्रश्न एकट्या आमच्या वसाहतीचा नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर उमरगा-लोहारा भागात शासनाने व संस्थांनी घरे बांधून दिली, ती कुटुंबांच्या नावे झाली. त्यांची देखभालही त्या कुटुंबांकडेच आली. मुंबईत वरळीच्या बीडीडी चाळींची डागडुजी वर्षानुवर्षे सार्वजनिक बांधकाम खाते पाहत असे. 14 ऑगस्ट 2025 रोजी तेथील 556 कुटुंबांना 160 चौरस फुटांच्या खोलीऐवजी 500 चौरस फुटांच्या मालकीच्या घराच्या चाव्या मिळाल्या. आनंदाचीच गोष्ट आहे. पण उंच इमारतीला लिफ्ट असते, पंप असतो, आणि त्यांचे बिल दर महिन्याला येते.

इंग्लंडमध्ये 1980 च्या कायद्याने नगरपालिकांच्या भाडेकरूंना राहते घर विकत घेण्याचा हक्क मिळाला. तेथे सदनिका घेणाऱ्याला दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा मिळतो. इमारतीची दुरुस्ती नगरपालिका करते, पण त्यातल्या हिश्श्याचे बिल घरमालकाला पाठवते. म्हणजे दुरुस्ती कोणीही करो, पैसे घेणाऱ्याच्याच खिशातून जातात.

विद्यार्थी मित्रहो, उद्या तुम्ही नोकरीला लागाल, घर घ्याल. सही करण्यापूर्वी खरेदीखत स्वतः वाचा. जमीन मालकीची आहे की भाडेपट्ट्याची, इमारतीचे हस्तांतरण संस्थेच्या नावे झाले आहे का, ते विचारा. इमारत संस्थेच्या ताब्यात येण्याआधी गळती, टाकी, नळ्या यांची यादी करून दुरुस्तीची मागणी लेखी द्या आणि पोच घ्या. एकदा ताबा घेतल्यावर तोंडी तक्रारीला कोणी विचारत नाही.

विहार हा साऱ्या संघाचा. तरीही त्याचे बांधकाम व डागडुजी पाहण्याचे काम एका ठरावीक भिक्खूवर सोपवले जाई. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात त्याला नवकम्मिक म्हटले आहे. जे सर्वांचे असते, त्याची काळजी कोणाच्या तरी नावावर लिहून ठेवावी लागते, हे त्या काळीही ओळखलेले होते. आपल्या वसाहतींत अजूनही दुरुस्तीसाठी कोणाचे नाव लिहिलेले नसते.

भाडेकरूचा अर्ज दुसऱ्याच्या टेबलावर जातो. मालक झाल्यावर ते टेबल आपलेच असते. तेव्हा येत्या मासिक सभेत आपापल्या वसाहतीचा दुरुस्ती निधी किती आहे, एवढा एकच प्रश्न विचारा. उत्तर शून्य आले, तर त्याच सभेत पहिली पावती आपल्या नावाने फाडा.