भाकरी पोचवणारा



हैदराबाद मुक्तिलढ्यातले दोन प्रकारचे सैनिक आम्ही पाहिले. एकाच्या भाषणात करोडगिरीचा नाका दर १७ सप्टेंबरला नव्याने जळे, आणि रझाकारही दरसाल वाढत. दुसरा वऱ्हाडच्या सरहद्दीवरील छावणीत होता. विचारले तर म्हणे, 'भाकरी पोचवत होतो.' हार आम्ही पहिल्याच्या गळ्यात घातले. भाकरी पोचवणाराही पकडला गेला तर गोळीच खातो, हे काही आम्हांला सुचले नाही!

भूमिगताने कागद मागे ठेवायचा नसतो. तो सापडला तर सगळेच सापडतात. पुढे १९७२ साली केंद्राची निवृत्तिवेतन योजना आली आणि कागदच मागू लागली. तुरुंगवासाची नोंद असते. भूमिगताला मात्र सहकाऱ्याचे प्रमाणपत्र लागे. फट राहिली ती इथे. शेजारच्या बीड जिल्ह्यातील खोट्या स्वातंत्र्यसैनिकांचे प्रकरण २००५ साली थेट सर्वोच्च न्यायालयात गाजले.

जालन्याच्या मामा चौकातून आपण रोज जातो. ते जनार्दन मामा हुतात्मा झाले. आपली हकिकत सांगायला उरले नाहीत. आणि भाकरीवाला? त्याने अर्जच केला नाही. हा नुसता विनय होता असे आम्ही मानत नाही. त्याला दुसऱ्यांदा कोणी विचारलेच नव्हते, आम्हीही नाही.