सातबारा, वसीयत आणि जमिनीखालचा दगड



मी वकील नाही. सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. नातेवाइकांचे आणि शेजाऱ्यांचे सातबारे ऑनलाइन काढून देता देता हा विषय माझ्याकडे आला. त्यामुळे मी सांगतो ते समजून घ्या, पण कुठल्याही कागदावर सही करण्याआधी वकिलाला विचारा.

सुरुवात हिशेबाने करतो. एक एकर म्हणजे ४० गुंठे. वडील वारले. मागे पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी. आजी-आजोबा आधीच गेलेले, कर्ज नाही, वसीयत नाही. हनफी नियमाने पत्नीचा आठवा हिस्सा, म्हणजे ५ गुंठे. उरले ३५. मुलाचे दोन वाटे, मुलीचा एक, असे पाच वाटे. प्रत्येक मुलाला १४ गुंठे, मुलीला ७. मुलीला निम्मंच का, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पण कित्येक घरांत भांडण तिथपर्यंत पोचतच नाही, कारण तिला ते ७ गुंठेसुद्धा मिळालेले नसतात.

हे हिस्से कधी तयार होतात? वडिलांनी शेवटचा श्वास घेतला त्या क्षणी. तलाठ्याने नोंद केली तेव्हा नाही. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात तो तलाठीच राहणार.) सातबारा हा मुळात महसुलाचा कागद आहे. फेरफार नोंदीने मालकी मिळत नाही आणि जातही नाही, हे सुप्रीम कोर्टाने अनेकदा सांगितलं आहे. म्हणून सातबाऱ्यावर फक्त भावांची नावं लागली, तरी बहिणीचा हक्क संपत नाही.

मग नाव लावायची घाई कशाला, असं तुम्ही म्हणाल. कारण महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १५७ म्हणतं की नोंद खोटी ठरेपर्यंत खरी धरायची. म्हणजे कोर्टात धावपळ करायची ती बहिणीने. संहितेप्रमाणे वारसांनी तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं. ते आधी वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६-क मध्ये येतं, मग फेरफार होतो आणि हितसंबंधितांना नोटीस निघते. हा अर्ज ‘ई-हक्क’वर घरबसल्या करता येतो आणि ‘आपली चावडी’वर फेरफाराच्या नोटिसा बघता येतात. सासरी असलेली बहीणही मोबाइलवर बघू शकते. मला तर हा सगळ्या सरकारी संगणकीकरणातला सर्वांत उपयोगी भाग वाटतो.

मुस्लिम कायद्यात जन्माने हक्क नसतो, एकत्र कुटुंबाची मिळकत ही कल्पनाही नसते. वडील हयात आहेत तोवर मुलाचा हक्क शून्य, मुलीचाही शून्य. म्हणून अब्बा जिवंत असताना बहिणीकडून ‘मला काही नको’ असं लिहून घेतलं, तर तो कागद सहसा टिकत नाही. जो हक्क अजून जन्मलाच नाही तो सोडणार कसा? मात्र मोबदला घेऊन असं लिहून दिलेल्या वारसाला नंतर हिस्सा मागण्यापासून सुप्रीम कोर्टाने अडवलेलंही आहे. मृत्यूनंतरचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र मात्र पक्कं असतं. मय्यतीच्या घरात, चाळिसावा व्हायच्या आत कुणी पुढे कागद ठेवला, तर ‘वाचून सांगते’ एवढंच म्हणा आणि तो घरी घेऊन जा.

शेतजमिनीबाबत एक मेख आहे. १९३७च्या शरियत कायद्याच्या कलम २ मधून शेतजमीन वगळलेली आहे. त्याचा आधार घेऊन ‘आमच्याकडे मुलींना शेत देण्याचा रिवाज नाही’ असं सांगितलं जातं. सांगणं सोपं आहे, पण असा रिवाज सिद्ध करण्याची जबाबदारी तो सांगणाऱ्यावरच असते.

आता जमिनीखालचं. रत्नागिरीकडे जांभा दगड आहे, चिरेखाणी आहेत. लोकांना वाटतं, जमीन माझी तर चिराही माझा. केरळमधल्या मलबारच्या जुन्या जन्मी जमिनींबद्दल सुप्रीम कोर्टाने २०१३ साली तसंच म्हटलं होतं, कारण तिथे मालकाचा हक्क काढून घेणारा कायदा नव्हता. आपल्याकडे तो आहे. संहितेच्या कलम ४८ प्रमाणे, सनदेत स्पष्टपणे वेगळं लिहिलेलं नसेल, तर सगळी खनिजं राज्य सरकारची. जांभा हे गौण खनिज. परवानगी आणि स्वामित्वधनाशिवाय काढलं, तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो.

इथे बहिणीचा विषय पुन्हा येतो. खाणीच्या परवानगीला जमीनधारकांची संमती लागते आणि अधिकारी नावं सातबाऱ्यावरची बघतो. ज्या बहिणीचं नाव नाही तिला कोण विचारणार? खाणवाला जमीन वापरल्याचे पैसे भावाच्या हातात ठेवून जातो. त्या पैशातही तिचा वाटा आहे. शिवाय शेत नुसतं कसलं, तर वाटणी उद्याही होऊ शकते. चिरा काढून नेला की उरतो तो खड्डा, आणि त्यातले ७ गुंठे घेऊन ती काय करणार?

हयातीत करण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. पहिली हिबा. देणाऱ्याने जाहीर करायचं, घेणाऱ्याने स्वीकारायचं, ताबा द्यायचा. हिबा तोंडीही चालतो. लेखी असला तरी नोंदणी सक्तीची नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये स्पष्ट केलं. तरी माझं मत, नोंदणीच करा. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन मुलामुलींना बक्षीस देताना मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, वर स्थानिक अधिभार आणि फी. मुलीला मुलाइतकं द्यायचं असेल तर रस्ता हाच. पण कागद केला आणि ताबा शेवटपर्यंत आपल्याकडेच ठेवला, तर अशा हिब्यावर कोर्टात बोट ठेवलं जातं. आणि मृत्युशय्येवरच्या हिब्याला वसीयतीचीच मर्यादा लागते.

ती मर्यादा म्हणजे दफनाचा खर्च आणि कर्ज वजा जाता एक तृतीयांश. वारसालाच वसीयतीने द्यायचं असेल, तर बाकीच्या वारसांची संमती मृत्यूनंतर लागते. वसीयतीची सर्वांत मोठी गरज कुणाला आहे? अनाथ नातवंडांना. मुलगा बापाआधी वारला आणि दुसरा मुलगा हयात असेल, तर वारलेल्या मुलाची लेकरं आजोबांच्या मिळकतीतून पूर्ण बाद होतात. पाकिस्तानने १९६१ साली हे बदललं, आपल्याकडे नियम तसाच आहे. मला तो अन्यायकारक वाटतो. पण ही नातवंडं वारस नसल्यामुळेच आजोबा त्यांना एक तृतीयांशापर्यंत, कुणाच्याही संमतीशिवाय, वसीयतीने देऊ शकतात. लेखी असणं किंवा साक्षीदार कायद्याने आवश्यक नाहीत. तरी लिहा आणि दोन साक्षीदार घ्या.

गोव्यात ज्यांची घरं आहेत त्यांनी हा हिशेब तिथे लावू नये. तिथे सर्व धर्मांना एकच वारसा कायदा आहे. आणि फ्लॅट, बँक, शेअर्स यांतला नॉमिनी मालक होत नाही. वारसांचा हिस्सा तसाच राहतो.

एवढंच. ज्यांनी गट नंबर लिहून आणलेत त्यांनी पुढे या, लॅपटॉप चालू आहे. सातबारा इथेच काढू आणि कुणाचं नाव राहिलंय ते बघू.