हवेवर उभी गाडी



डॉक्टर, वकील बोलून झाले. आता गॅरेजवाल्याची पाळी. तुमच्यातल्या काहींकडे एअर सस्पेन्शनच्या गाड्या आहेत, म्हणून त्याबद्दलच सांगतो.

या गाड्यांत पोलादी स्प्रिंगऐवजी हवा भरलेला रबरी फुगा असतो. मर्सिडीझच्या एस-क्लासमध्ये तो १९९८ साली आला. सकाळी गाडी एका कोपऱ्यात बसलेली दिसली, तर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे आले की समजा रबर चिरलंय. ‘कॉम्प्रेसर भरतोय ना, चालवू’ म्हणू नका. गळती भरून काढता काढता तोही जळतो.

स्ट्रट बदलताना गाडी स्टँडवर घेऊन आधी हवा सोडायची. नुसत्या जॅकवर असताना मी पोरांना चाकाच्या कमानीत हात घालू देत नाही. गाडी खाली येताना बोटं बघत नाही. नवा स्ट्रट बसल्यावरही आधी हवा, मग चाकांवर वजन. नाहीतर रिकाम्या फुग्याला घडी पडून नवं रबर फाटतं.

आणि अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. गाडीची उंची चुकली की कॅम्बर, टो दोन्ही हलतात. मशीनवर आकडे हिरवे, अन् टायर आतून झिजलेला! भूमितीच्या तासाला कोनमापक विसरणारा मी, आता अंशाच्या साठाव्या भागासाठी भांडतो. सर, हसू नका.

तेव्हा अलाइनमेंटचा कागद हातात घेण्याआधी विचारा : चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची चारही बाजूंनी मोजली का? ‘हो’ म्हणाले, तर किती भरली तेही विचारा.